संस्कार फादरांच्या पात्रतेवर अवलंबून नसतो, तर मग इतक्या वर्षांचे प्रशिक्षण कशासाठी?

पायवाट (धागाकर्ता)

मागे एका चर्चेत कॅथलिक धर्मगुरूंचा विषय निघाला असता एका सदस्यांनी विचारलेला प्रश्न तिथेच राहून गेला. फादर स्वतः कसेही वागत असले तरी त्यांनी दिलेला बाप्तिस्मा आणि अर्पण केलेली मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) चर्च ग्राह्य धरते. मग एका माणसाला धर्मगुरू करण्यासाठी त्याच्यावर सात-आठ वर्षे मेहनत घेण्याचे प्रयोजन काय, असा तो प्रश्न होता. मी स्वतः सात वर्षे सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या प्रशिक्षण संस्थेत, होतो आणि गुरुदीक्षेच्या, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या संस्काराच्या, बराच जवळ जाऊन परतलो. त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही. फरक एवढाच की, आम्हाला तो परीक्षेत दहा गुणांसाठी येत असे आणि तेव्हा मी त्याचे उत्तर बिनचूक लिहीत असे.

त्या दहा गुणांच्या उत्तराची सुरुवात इ.स. 303 पासून होते. सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला तेव्हा उत्तर आफ्रिकेतील काही बिशपांनी आणि धर्मगुरूंनी जिवाच्या भीतीने पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. छळ थांबल्यावर वाद उभा राहिला की, अशा कच खाल्लेल्या माणसांनी दिलेली दीक्षा खरी मानायची का. तिथल्याच डोनाटस नावाच्या बिशपाचे अनुयायी म्हणत की, ज्याचे हात मळलेले आहेत त्याच्या हातून पावित्र्य मिळणारच नाही. सुमारे शंभर वर्षांनंतर हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्याचा जो प्रतिवाद केला, तो पुढे चर्चची कायमची भूमिका ठरला. बाप्तिस्मा येशूचा पट्टशिष्य पेत्राने दिला काय किंवा त्याला दगा देणाऱ्या यहूदाने दिला काय, तो देणारा ख्रिस्तच असतो, असे त्यांचे म्हणणे होते. धर्मगुरूंना मोकळीक द्यावी हा त्यामागचा हेतू नव्हता. भाविकाला निर्धास्त करावे हा होता. आपल्या बाळाला बाप्तिस्मा देणाऱ्या माणसाचे अंतःकरण तपासून पाहण्याची सोय कोणाकडेच नसते, आणि सगळे त्या तपासणीवर टांगून ठेवले तर कोणालाच कशाची खात्री उरणार नाही.

मात्र फादरांच्या चारित्र्याबाबत चर्चने जी मुभा ठेवली आहे, ती त्यांच्या शब्दांबाबत ठेवलेली नाही. ऑगस्ट 2020 मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केले की, ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ याऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असे म्हटले गेले असेल तर तो बाप्तिस्मा झालेलाच नाही. ते वाचून अमेरिकेतील डेट्रॉइट आर्चडायोसिसमधील एका तरुण फादरांना आपल्या लहानपणच्या बाप्तिस्म्याची चित्रफीत आठवली, आणि तिच्यात डिकनने (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरील दीक्षिताने) नेमके ‘आम्ही’ असेच म्हटलेले होते. बाप्तिस्मा नाही म्हणून दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) नाही, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून गुरुदीक्षाही नाही. तीन वर्षे फादर म्हणून वावरलेला हा मनुष्य मुळात धर्मगुरूच नव्हता. त्याच महिन्यात त्यांना बाप्तिस्म्यापासून गुरुदीक्षेपर्यंतचे सगळे संस्कार क्रमाने पुन्हा, म्हणजे खरे तर पहिल्यांदाच, देण्यात आले. मधल्या काळात त्यांनी केलेल्या मिस्सा आणि ऐकलेली पापनिवेदने (कन्फेशन) ग्राह्य ठरली नाहीत. त्यांनी दिलेले बाप्तिस्मे मात्र टिकले, कारण योग्य शब्द आणि योग्य हेतू असेल तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. एका सर्वनामाने हा अनर्थ केला, आणि त्या फादरांच्या सात्त्विकतेचा त्यात कुठेच हिशेब झाला नाही.

मग प्रशिक्षण कशासाठी? सोळाव्या शतकापर्यंत पुष्कळ ठिकाणी ते जवळजवळ नव्हतेच. मुलगा एखाद्या फादरांच्या हाताखाली राहायचा, घंटा वाजवायचा, लॅटिन प्रार्थना ऐकून ऐकून पाठ करायचा आणि बिशपांनी हात ठेवले की स्वतः फादर व्हायचा. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 मध्ये प्रत्येक बिशपाने आपल्याकडे प्रशिक्षणाची संस्था काढावी असे ठरवले आणि तिला सेमिनरी, म्हणजे लॅटिनमध्ये रोपवाटिका, असे नाव रूढ झाले. आजच्या धर्मसंहितेप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, दोन वर्षे तत्त्वज्ञान आणि चार वर्षे ईशज्ञान (थिऑलॉजी) अशी किमान सहा वर्षांची अभ्यासाची चौकट असते. तिच्याआधी पूर्वतयारीचा काळ असतो आणि शेवटी एखाद्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) डिकन म्हणून काम करावे लागते. गुरुदीक्षेसाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि डिकनपद व गुरुदीक्षा यांत निदान सहा महिन्यांचे अंतर ठेवावे लागते.

अभ्यासाविषयी फार सांगण्यासारखे नाही. अभ्यास सगळीकडे अभ्यासासारखाच असतो. मला आजही नवल वाटते ते तिथल्या एका व्यवस्थेचे. सेमिनरीत तुमच्यावर दोन प्रकारच्या माणसांची नजर असते. रेक्टर, म्हणजे सेमिनरीचे प्रमुख, आणि त्यांचे सहकारी तुमचे बाहेरचे वागणे पाहतात: प्रार्थनेला वेळेवर येता का, जेवणाच्या टेबलावर कोणाला टाळता का, हरल्यावर कसे बोलता. आध्यात्मिक मार्गदर्शकासमोर मात्र तुम्ही आतले सगळे उघड करता. या दोन दालनांमध्ये भिंत आहे आणि ती धर्मसंहितेच्या 240 व्या कलमाने बांधलेली आहे. विद्यार्थ्याला दीक्षा द्यावी की घरी पाठवावे हे ठरवताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांचे मत कधीही विचारता येत नाही. ज्याला सर्वांत जास्त माहीत असते, त्यालाच मत नसते.

मी हे स्वतः अनुभवले आहे. डिकनपदाच्या आधी उमेदवाराला स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावे लागते की, आपण हे स्वखुशीने आणि मोकळ्या मनाने स्वीकारत आहोत. छापील अर्ज चालत नाही. मी तो कागद तीन वेळा लिहिला. तिन्ही वेळा अक्षर उत्तम आले आणि तिन्ही वेळा सहीच्या जागेपाशी पेन थांबले. माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना हे वर्षभर आधीपासून माहीत होते. रेक्टरांना मी सांगितले तेव्हा ते अक्षरशः खुर्चीत मागे रेलले, कारण त्यांच्या वहीत माझी नोंद अतिशय समाधानकारक होती. दोघे वृद्ध फादर रोज शेजारी बसून न्याहारी करत असत.

मला सापडलेले उत्तर असे आहे की, प्रशिक्षण संस्कारासाठी नसतेच. संस्काराचे शब्द महिनाभरात पाठ होतात. प्रशिक्षण असते ते त्या शब्दांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दहा मिनिटांसाठी. यावर इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

तर्कशुद्ध

लेख आवडला, पण मांडणीत एक फट दिसते. इतकी निगराणी, इतकी वर्षे, इतके पारखून घेणे, आणि तरीही जे उघडकीला आले ते आपण सगळ्यांनी वाचले आहे. अमेरिकेतील बिशपांनीच करवून घेतलेल्या 2004 च्या अहवालात 1950 ते 2002 या काळात 4,392 धर्मगुरूंवर अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाल्याची नोंद आहे आणि हे प्रमाण त्या काळातील धर्मगुरूंच्या सुमारे 4 टक्के होते. ही सगळी माणसे सेमिनरीतूनच बाहेर पडली होती. तेव्हा रोपवाटिकेची गुणवत्ता नेमकी कशावरून ठरवायची? शिवाय ‘संस्कार ग्राह्यच राहतो’ हे तत्त्व अशा लोकांना पाठीशी घालायला सोयीचे पडले, असे म्हणण्यास जागा आहे.

पायवाट

तर्कशुद्ध, आपला आक्षेप मी टाळणार नाही. शिस्तीचे वेळापत्रक असलेल्या इमारतीत सात वर्षे नीट वागून दाखवणे ही काही अवघड गोष्ट नव्हे. माझ्याविषयीची ती समाधानकारक नोंदच याचा पुरावा आहे. मी निरुपद्रवी निघालो, हा योगायोग. बाहेरची नजर वर्तन पाहते आणि आतली नजर बोलू शकत नाही, ही रचना विद्यार्थ्याच्या विवेकाचे रक्षण करते, पण लबाड माणसाला तिच्यात लपायला जागाही मिळते. 2016 मध्ये व्हॅटिकनने प्रशिक्षणाची जी सुधारित नियमावली काढली, तिच्यात मानवी जडणघडणीवर आणि अल्पवयीनांच्या सुरक्षिततेवर जो भर आहे, तो या ठेचांमुळेच आलेला आहे. मानसशास्त्रीय चाचणीसाठी उमेदवाराची लेखी संमती घ्यावी, हेही तीत आहे. 2019 पासून तर शोषणाची माहिती पापनिवेदनाबाहेर कळल्यास ती वरिष्ठांना कळवणे धर्मगुरूंवर बंधनकारक झाले आहे. हे सगळे फार उशिरा झाले, हे मला मान्य आहे.

तत्त्वाविषयी मात्र माझे वेगळे म्हणणे आहे. दीक्षा पुसली जात नाही, एवढेच धर्मसंहिता सांगते. ती दिलेला माणूस आपल्या जागेवर राहिलाच पाहिजे, असे ती कुठेही म्हणत नाही. पद काढून घेता येते, सेवा थांबवता येते, धर्मगुरूचा दर्जाही काढता येतो. ज्या वरिष्ठांनी अशा माणसांची एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बदली केली, त्यांनी या दोन गोष्टींची सरमिसळ केली आणि भाविकासाठी बांधलेल्या भिंतीचा आडोसा धर्मगुरूला दिला. ऑगस्टीन यांचा युक्तिवाद बाळाच्या आईसाठी होता.

नवशिक्या

माझे अज्ञान माफ असावे. सगळेच फादर ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात ना? आणि ब्रह्मचर्याचा नियम पहिल्यापासून आहे का?

पायवाट

सगळे नाही. येशूसंघ, फ्रान्सिस्कन अशा धर्मसंघांतील फादर तीन व्रते घेतात. बिशपांच्या हाताखाली धर्मग्रामात काम करणारे धर्मप्रांतीय फादर दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत. साधे राहणे त्यांच्याकडून अपेक्षित असते, पण त्यांच्या नावावर मालमत्ता असू शकते. ते ब्रह्मचर्याचे आणि आज्ञापालनाचे वचन देतात, आणि यातले पहिले गुरुदीक्षेच्या नव्हे तर डिकनपदाच्या वेळीच दिले जाते. म्हणून मी म्हटले ती सही इतकी जड असते. नियमाचा इतिहास लांबलचक आहे. पाश्चात्त्य चर्चमध्ये 1123 आणि 1139 च्या लॅटरन परिषदांनी तो पक्का केला. पूर्वेकडील कॅथलिक चर्चेसमध्ये विवाहित पुरुषाला गुरुदीक्षा मिळू शकते. दीक्षेनंतर मात्र विवाह करता येत नाही.

संध्याछाया

मी कॅथलिक नाही. निवृत्त होईपर्यंत मी एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका होते आणि मूळ लेखातील ‘दहा मिनिटे’ हा शब्द वाचून एक रात्र आठवली, ती लिहिते.

एक वयस्कर कॅथलिक गृहस्थ शेवटच्या घटका मोजत होते. त्यांच्या मुलाने फादरांना बोलवावे म्हणून सांगितले, पण मी फोन लावल्यावर पलीकडचे नाव ऐकून तो म्हणाला, “हेच का? दुसरे कोणी नाही का?” चर्चच्या हिशेबावरून त्याचे आणि या फादरांचे चारचौघांत भांडण झाले होते, असे नंतर कळले. रात्रीचे अडीच वाजले होते आणि दुसरे कोणी नव्हते. फादर वीस मिनिटांत आले. सदऱ्याची बटणे एक घर चुकवून लावली होती. खिशातून त्यांनी घडी केलेली जांभळी पट्टी काढली, तिचे चुंबन घेऊन ती गळ्यात घातली, आणि अंगठ्याएवढी धातूची डबी उघडली. आत तेल सांडू नये म्हणून कापूस भरलेला होता. तो कापूस अंगठ्याने दाबून त्यांनी आजोबांच्या कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावले. हाताला सलाइनची सुई होती, तर पट्टीच्या कडेने, सुई हलणार नाही अशा बेताने लावले. अनेक डॉक्टरांना मी ती सुई हलवताना पाहिले आहे.

एवढे झाल्यावर त्यांचे काम संपले असे मला वाटले. ते गेले नाहीत. त्यांनी मुलाला विचारले, “बाबांना कोणती प्रार्थना आवडायची?” मुलाने बराच वेळ उत्तर दिले नाही आणि मग एकदम पुटपुटायला लागला. फादर त्याच्या मागून म्हणत राहिले, पुढे गेले नाहीत. पाच वाजता जाताना दोघांमध्ये हिशेबाचे काही बोलणे झाले नाही, आणि समेट झाला असेही मी म्हणणार नाही. मुलाने त्यांना दारापर्यंत सोडले, इतकेच.

पायवाट

संध्याछायाताई, आपण वर्णन केलेला संस्कार रुग्णाभ्यंगाचा आहे आणि तो फक्त धर्मगुरूच देऊ शकतो. डिकनलाही तो अधिकार नाही. ते तेल सर्वसाधारणपणे बिशपांनी आशीर्वादित केलेले असते. आणखी एक बाब आपल्या प्रसंगाला लागून आहे. मृत्यू समोर उभा असेल तर ज्याचे सगळे अधिकार काढून घेतले आहेत असा धर्मगुरूही त्या माणसाचे पापनिवेदन ऐकून त्याला पापमुक्ती देऊ शकतो. नियम इतका भाविकाच्या बाजूने झुकलेला आहे.

ती सुई सांभाळणे आणि प्रार्थनेत मागून चालणे मात्र कोणत्याही कलमात नाही. ते शिकवण्याचा प्रयत्न कसा होतो, याचा एक प्रसंग सांगतो. शेवटच्या वर्षी पापनिवेदन ऐकण्याचा सराव असे. प्राध्यापक स्वतः निवेदन करणारे होत आणि आम्ही फादर. आमचे एक प्राध्यापक या कामात बेरकी होते: कधी रडणारी विधवा होत, कधी बढाईखोर व्यापारी, कधी तीस वर्षांनी आलेला आणि काय बोलायचे हेच विसरलेला माणूस. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी एका अनैतिक संबंधाची कबुली दिली. मी पूर्ण गांभीर्याने विचारले, “ती व्यक्ती विवाहित आहे का? कुठे काम करते?” ते उठून उभे राहिले आणि भूमिका सोडून म्हणाले, “पहिला प्रश्न गरजेचा होता. दुसरा तुमच्या कुतूहलाचा होता. निवेदन करणाऱ्याला हा फरक तुमच्याआधी कळतो, आणि तो पुन्हा येत नाही.” धर्मसंहितेच्या 979 व्या कलमात हेच आहे: प्रश्न विवेकाने विचारावेत, आणि पापातील साथीदाराचे नाव विचारूच नये. ते कलम मला पाठ होते. तोंडातून प्रश्न निघायचा तो निघालाच.

त्या सरावात मी दिलेली पापमुक्ती ही अर्थातच पोकळ होती. पण समजा मी खरा फादर असतो, तर तोच दुसरा प्रश्न विचारूनही माझी पापमुक्ती पूर्णपणे ग्राह्य ठरली असती, आणि तो माणूस मात्र कायमचा गमावला असता. नवशिक्यांना आणि मूळ प्रश्नकर्त्यांना मला हेच सांगायचे होते.

तर्कशुद्ध

हा प्रसंग पटला. एक उपप्रश्न: ऐकलेले खरोखरच कोणालाही सांगता येत नाही का? गुन्हा असला तरी?

पायवाट

नाही, कोणालाही नाही, आणि कोणत्याही कारणासाठी नाही. थेट गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूचा त्या कृत्यासरशी बहिष्कार होतो आणि तो उठवण्याचा अधिकार फक्त रोमकडे असतो. इतकेच नव्हे, तर ऐकलेल्या माहितीचा त्या माणसाला त्रास होईल असा वापरही करता येत नाही. उदाहरणार्थ, चर्चच्या पेटीतून पैसे घेतल्याचे सेवकाने निवेदनात सांगितले, तर त्यानंतर फादरांनी किल्ल्यांची व्यवस्था बदलणेसुद्धा चूक ठरते. गुन्हेगाराने स्वतः पोलिसांकडे जावे म्हणून फादर त्याला आग्रह करू शकतात. त्याच्याऐवजी ते जाऊ शकत नाहीत. काही देशांच्या आणि प्रांतांच्या कायद्यांशी याचा उघड संघर्ष चालू आहे आणि शोषणाच्या प्रकरणांनंतर तो वाढला आहे. मला स्वतःला या ठिकाणी चर्चची बाजू पटते, पण ती पटवून घेताना झोप लागते असे म्हणणार नाही.

अर्धविराम

माझा धाकटा भाऊ धर्मप्रांतीय फादर आहे. घरात मी त्याला अरे-तुरे करते. आई मात्र चार लोक असले की स्वतःच्या मुलाला ‘फादर’ म्हणते आणि तोही निमूट ‘हो’ म्हणतो.

आपण सर्वांनी ब्रह्मचर्याविषयी आणि निगराणीविषयी लिहिले आहे. मी पाहिलेली गोष्ट दुसरी आहे. गुरुदीक्षेच्या विधीत बिशप उमेदवाराचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतात आणि विचारतात की, माझा आणि माझ्यानंतर येणाऱ्या बिशपांचा मान राखून आज्ञा पाळण्याचे वचन देतोस का. त्या दिवशी सगळ्यांचे डोळे भरून येतात ते तो जमिनीवर पालथा पडतो आणि संतांच्या नावांची लितानी (आळवणी) चालते तेव्हा, किंवा बिशप आणि मागोमाग सगळे फादर एकेक करून त्याच्या डोक्यावर मूकपणे हात ठेवतात तेव्हा. ‘माझ्यानंतर येणाऱ्या’ हे दोन शब्द कोणी ऐकत नाही. माझ्या भावाने वचन ज्या बिशपांना दिले ते त्याला ओळखत होते. आज जे आहेत त्यांच्याशी त्याचा स्वभाव जुळत नाही, आणि वचन तेच आहे.

गेल्या खेपेस बदलीचे पत्र आले तेव्हा त्याने सहा वर्षे खपून तरुणांचा एक गट उभा केला होता. दोन आठवड्यांत सामान बांधायचे होते. मी मदतीला गेले. पुस्तकांची अकरा खोकी निघाली आणि कपड्यांची दीड. तो म्हणाला, “ताई, ज्या मुलांचे बाप्तिस्मे मी केले, त्यांचे प्रथम ख्रिस्तशरीर (फर्स्ट कम्युनियन) दुसरे कोणी देईल. हे सेमिनरीत सांगितले होते. ते ऐकताना आम्ही वहीत लिहून घेत होतो.” नव्या ठिकाणी पोहोचल्यावर पहिल्या रविवारी त्याने तीन मिस्सा केल्या, एका दिवशी यापेक्षा जास्त करण्यास सहसा परवानगी नसते. तिसरीनंतर तो रिकाम्या स्वयंपाकघरात उभ्याने जेवला आणि मला फोन करून इकडचे तिकडचे बोलत बसला. माझ्या लक्षात आले की, सकाळपासून सातशे-आठशे माणसांशी बोललेला माझा भाऊ कोणाशी तरी बोलायला फोन करतो आहे.

आईजवळ एक कापड आहे. दीक्षेच्या वेळी बिशपांनी त्याच्या तळहातांना ख्रिस्मा नावाचे पवित्र तेल लावले, ते त्याने ज्या कापडाला पुसले ते. जुन्या रिवाजाप्रमाणे ते आईला दिले जाते आणि तिच्या शवपेटीत तिच्या हातांत ठेवतात. आईने ते कपाटात साड्यांच्या तळाशी ठेवले आहे आणि त्याच्याविषयी बोललेले तिला चालत नाही.

नवशिक्या

अर्धविराम, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. मग अशा वेळी फादर कोणाकडे जातात? म्हणजे इतरांचे ऐकून घेणाऱ्याचे कोण ऐकते?

पायवाट

अर्धविरामताई, आपण जे लिहिले त्याने माझ्या लेखातील एक उणीव भरून निघाली. मी कधीच वचन दिले नाही, त्यामुळे ते नंतर कसे लागते हे मला ठाऊक असण्याचे कारण नाही. फ्रान्समधील आर्सचे जॉन व्हियानी, ज्यांना 1929 मध्ये धर्मग्रामाच्या फादरांचे आश्रयदाते संत घोषित केले गेले, ते सेमिनरीत लॅटिनमध्ये नापास होत. 1818 मध्ये त्यांना एका नगण्य खेड्यात पाठवले गेले आणि 1859 मध्ये मरेपर्यंत ते तिथेच राहिले. अखेरच्या वर्षांत ते दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास पापनिवेदने ऐकत. त्यांची ही कथा सेमिनरीत वारंवार सांगितली जाते. त्यांनी एकाहून अधिक वेळा रात्री गुपचूप गाव सोडून मठात जाण्याचा प्रयत्न केला आणि लोकांनी त्यांना परत आणले, हे मात्र मला नंतर स्वतः वाचून कळले. ते आधी सांगितले असते तर बरे झाले असते, असे वाटते.

नवशिक्या, आपल्या प्रश्नाचे नियमातील उत्तर सोपे आहे. धर्मगुरूला स्वतःलाच पापमुक्ती देता येत नाही, पोपनाही नाही. प्रत्येकाला दुसऱ्या कोणासमोर गुडघे टेकावे लागतात.

माझा एक वर्गमित्र, ज्याने तो कागद पहिल्याच प्रयत्नात सही करून दिला होता, आज एका मोठ्या धर्मग्रामात आहे. तो महिन्यातून एकदा गाडी चालवत निवृत्त फादरांच्या निवासात जातो, आणि तिथे ज्यांच्याकडे तो निवेदन करतो ते आमचे तेच प्राध्यापक आहेत, विधवा आणि व्यापारी होणारे. ते आता नव्वदीकडे आले आहेत आणि त्यांना ऐकू कमी येते. त्यांचे श्रवणयंत्र शिटी मारते म्हणून ते काढून ठेवतात. परिणामी माझ्या मित्राला आपली पापे मोठ्याने, कधी कधी दोनदा, सांगावी लागतात, आणि बाहेर बागेत बसलेले दुसरे तीन वृद्ध फादर अशा वेळी उठून फेरी मारायला जातात. मी त्याला विचारले की, ऐकू येणारा एखादा फादर जवळपास मिळत नाही का. तो म्हणाला, “मिळतो. पण हे दुसरा प्रश्न विचारत नाहीत.”